आप्पांचं वाचन कुठवर आलंय

बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या शाळेत मी कम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे काय, अर्धा वेळ मशीनं जिवंत ठेवते आणि उरलेल्या वेळात शिकवते. आमच्या लॅबमधला एकही कम्प्युटर विकत घेतलेला नाही. कुणी ऑफिसातून टाकलेला, कुणाच्या पोराला लॅपटॉप मिळाला म्हणून घरातून बाहेर काढलेला. हेडबाईंना फुकट आलेल्या वस्तूला नाही म्हणवत नाही, आणि त्या मशीनांवर नवं विंडोज काही केल्या चालत नाही. मग उरतं लिनक्स, विंडोजच्याच कामाचं पण फुकट मिळणारं. ते म्हाताऱ्या मशीनवरही चालतं, फक्त कुठल्या मशीनला कुठलं झेपेल ते बघून घालावं लागतं.

पोरांना मी ते माझ्या पद्धतीनं सांगते. घर एकच, चुली वेगळ्या. लिनक्समधला उबंटू हा थोरला. त्याच्या पाठोपाठ कुबंटू, झुबंटू, लुबंटू. आतला पाया सगळ्यांचा तोच, पण वर दिसतं ते वेगळं आणि प्रत्येकाच्या चुलीवर भांडीही वेगळी. थोरल्याकडं फोटो बघायला एक सॉफ्टवेअर, तर कुबंटूकडं दुसरंच. गाणी वाजवायला, पुस्तकं वाचायला, फायली शोधायला ज्याचं त्याचं आपापलं. कुबंटूकडं एकेका ठिकाणी इतकी बटणं, की आत शिरलेलं पोर बाहेर येत नाही. लुबंटू सगळ्यात हलका, लागेल तेवढंच घेऊन वेगळा निघालेला. हे सगळं बदलता येतं बरं का, एकाचं भांडं दुसऱ्याच्या चुलीवर ठेवलं तरी चालतं. पण कोण बदलतंय! खानावळीत पुढ्यात येईल ती चटणी आपण खातो, दुसरी मागायचं कुणाला सुचतं? म्हणून मी वर्गात घसा फोडून सांगायचे, मिळाल्या मिळाल्या आत काय आहे ते बघा, माणूस त्याच्यावरच जन्म काढतो.

हे शहाणपण मी इतकी वर्षं लोकांच्या पोरांना पाजलं. ते माझ्या घरात शिरलं ते गेल्या पावसाळ्यात.

माझे वडील, आप्पा, निपाणीच्या पलीकडं आणि कोगनोळीच्या अलीकडं एका खेड्यात एकटे राहतात. राहत होते म्हणायला अजून जीभ वळत नाही. घरची शेती, ती आता वाट्यानं दिलेली. गावच्या सोसायटीत त्यांनी सेक्रेटरी म्हणून नोकरी केली आणि कम्प्युटर आला तेव्हा पन्नाशीच्या पुढं असूनही तो सगळ्यांत आधी शिकले ते आप्पाच. तोंडानं आकडे मोजतात कन्नडमध्ये, भांडतात मराठीत, आणि दोन्ही जोरात. घर असं आहे की परसात उभं राहिलं की मोबाइल म्हणतो महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे, सोप्यात आलं की म्हणतो कर्नाटकात स्वागत आहे. आप्पा म्हणायचे, "आक्का, परसाकडं जाऊन आलो तरी माझं दोन राज्यांत स्वागत हुतंय बघ, आनि तुमी म्हणतासा एकटा हाय."

मी त्यांची लेक, पण मला ते आक्काच म्हणतात. आई गेल्यापासून मी पंधरा दिवसांतून एकदा, मी राहते त्या पिरनवाडीहून बस धरून जायचे. थोरला भाऊ, अण्णा, पुण्यात असतो. तो फोन करायचा आणि दर फोनला एकच रेकॉर्ड लावायचा की आप्पांना पुण्याला आणू या. गॅस चालू राहिला होता एकदा. एकदा निपाणीच्या बाजारातून येताना ते भलत्याच एसटीत बसले होते. मी म्हणायचे, अरे, मी पण बसते भलत्या बसमध्ये, मला कुठं नेऊन ठेवतोस?

गेल्या आषाढात अण्णा स्वतः आला आणि सोप्यातच विषय काढला.

"आप्पा, हे एकटं राहायचं वय आहे का?"

त्या वर्षी गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराजांचा चातुर्मास होता, आणि आप्पांनी महाराजांपुढं नियम घेतला होता. एक मोठा ग्रंथ रोज थोडाथोडा वाचायचा आणि दिवाळीच्या आत पुरा करायचा. त्या दिवसाचं वाचन झाल्याशिवाय संध्याकाळचं जेवण नाही. आमच्यात जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणजे वाचनही त्याच्या आधी उरकलं पाहिजे. आप्पा अण्णाला म्हणाले, "माझं वाचन मला जमतंय तवर मी हितनं हलणार न्हाई. दिवाळीपतोर ग्रंथ पुरा केला, तर तू परत ह्यो विषय काढायचा न्हाई. न्हाई झाला, तर तू म्हणशील त्या गाडीत गप बसतो."

"नक्की ना?"

"महाराजांच्या म्होरं बोललोय, तुझ्या म्होरं न्हाई."

अण्णा हसला, पण त्यानं ते मनात धरून ठेवलं हे मला कळलं. मीही धरलं. मला वाटलं, बरं झालं, आता बोल म्हणावं. आप्पा वाचणारा माणूस. त्यात त्यांना हरवणारा अजून जन्मायचा होता.

ग्रंथ तसा जाडजूड, अक्षर बारीक, आणि आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू. म्हणून बस्तीच्या मंडळींनी त्याची पानं स्कॅन केली आणि मी ती आप्पांच्या कम्प्युटरवर घालून दिली. पडद्यावर अक्षर बोराएवढं करता येतं. त्या मशीनवर मी फार पूर्वी कुबंटू घातलेलं होतं. पडद्याच्या मधोमध ग्रंथाचं चित्र ठेवलं, त्याच्यावर दोनदा दाबलं की ग्रंथ उघडतो. चार वाजले की आप्पा हातपाय धुऊन, सोवळ्यासारखं धोतर नेसून खुर्चीवर बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या काकू ऐकायला यायच्या. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी ऐकायचा नियम घेतला होता. वाचन झालं की त्याच आप्पांचं ताट आणून ठेवायच्या.

आषाढ छान गेला. फोनवर विचारलं की आप्पा सांगायचे, "चाललंय की झकास. रोज म्होरं जातोय."

श्रावणात मशीननं मान टाकली. डिस्क करकरायला लागली, चालू व्हायला इतका वेळ लागायचा की आप्पांना वाटायचं बटण दाबलंच नाही. मग ते परत दाबायचे आणि चालू व्हायला आलेलं बिचारं परत बंद पडायचं. "आक्का, हे मेलं बघ," असा फोन आला तो दुपारी शाळेत. मी शनिवारी गेले आणि मशीन पिशवीत घालून घेऊन आले. रोजच्या वाचनाला खंड नको म्हणून आप्पांनी तेवढे दिवस महाराजांचं प्रवचन ऐकायचं ठरवलं.

लॅबमध्ये बसून मी त्या मशीनचा जीर्णोद्धार केला. जुनी डिस्क काढली, नवी बसवली. आता कुठलं घालायचं? कुबंटू त्याला झेपत नव्हतं. थोरला उबंटू तर त्याहून जड. झुबंटू घालून बघितलं, चाललं, पण पंखा घरघरायला लागला. शेवटी लुबंटू घातलं आणि मशीन असं टुणकन उठलं की मीच टाळी वाजवली. मग मी माझ्या सवयीनं आत काय काय आहे ते तपासलं. मराठी अक्षरं नीट जुळतात का, जोडाक्षरं फुटत नाहीत ना, आवाज किती मोठा होतो, अण्णाचा व्हिडिओ कॉल येतो का, घड्याळ मोठं दिसतं का. ग्रंथही उघडून बघितला. झटकन उघडला, पहिलं पान, अक्षर बोराएवढं. मशीन नवं, तर ग्रंथ पहिल्या पानावरच उघडणार, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी मशीन नेऊन जोडून दिलं आणि आप्पांना म्हटलं, "आप्पा, कुठवर आलतासा ते पान तेवढं एकदा पुढं सरकवून घ्या."

"व्हय, घेतो की."

वाचणाऱ्याला आपलं पान माहीत असतं. मला, तुम्हाला, कुणालाही असतं. मी बस पकडायच्या घाईत होते आणि मला स्वतःचा भारी अभिमान वाटत होता, हेही खरं.

त्यानंतर पावसानं कहर केला. वेदगंगेचं पाणी वाढलं, शाळेत चाचण्या आल्या, माझं जाणं लांबलं. फोन मात्र रोज व्हायचा. "आज काय वाचलं आप्पा?" "मंगलाचरण झालं. लई गोड हाय गं." म्हटलं असेल, प्रत्येक प्रकरणाला असतं एखादं मंगलाचरण, मला कुठं त्यातलं कळतंय. पुन्हा एकदा म्हणाले, "आज सुरुवात केली बघ." म्हटलं नवं प्रकरण. मी पेपर तपासता तपासता हं हं करत होते. त्यांचा आवाज मात्र इतका ताजा, इतका खुशीत असायचा की मला वाटायचं आप्पा दहा वर्षांनी लहान झाले. मशीन हलकं झालं म्हणून माणूस हलका झाला, असं मी लॅबमध्ये हेडबाईंना कौतुकानं सांगितलेलं आठवतं.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं, त्या रविवारी मी गेले. आप्पा बस्तीतून येऊन खुर्चीवर बसलेलेच होते. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मी आत चहा ठेवला आणि कान बाहेर दिला. आप्पांनी मंगलाचरण म्हटलं. मग ग्रंथ कुणी लिहिला, कशासाठी लिहिला ते आलं. मग पहिली गाथा आणि तिचा अर्थ. तीन पानं झाली, हात जोडले, मशीन बंद केलं. काकू उठून ताट आणायला माझ्याकडं आत आल्या.

मी हसत म्हटलं, "काय काकू, आज परत पहिल्यापासून?"

काकूंनी माझ्याकडं बघितलंच नाही. ताटात भाकरी ठेवत म्हणाल्या, "आज व्हय? रोजचंच हाय की."

"रोज म्हणजे?"

"तू मशीन बदलून आणल्यापास्नं हेच वाचालेत. मला वाटलं महाराजांनी तसा नियम दिला आसंल, एकच पाठ परत परत. चांगलंच की, पुण्यच हाय. धर्माचं वाचन चाललंय, मी मधी बोलून पाप कशाला घेऊ?" मग जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "मला तर पाठ झालंय गं. डोळं मिटून म्हणून दाखवीन."

ह्या एका गोष्टीचा मला आजही राग येतो आणि तो काढायचा कुणावर ते कळत नाही. काकूंवर काढावा तर त्या काय चुकल्या? आमच्या गावात वाचत्या माणसाला कोणी टोकत नाही. तीच गाथा शंभरदा म्हटली तर शंभरपट पुण्य, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. दुसऱ्या कुठल्या घरात म्हाताऱ्यानं रोज तेच पान वाचलं असतं, तर चौथ्या दिवशी ओरडा झाला असता. आमच्याकडं त्याला हात जोडले.

आप्पा जेवत होते. मी समोर बसले. विचारलं, "आप्पा, ग्रंथ कुठवर आलाय?"

"आजच तर सुरुवात केली," आप्पा म्हणाले. "तू पाठच्या शनवारीच मशीन आणून दिलंस न्हवं?"

भाकरीचा तुकडा मोडून ते आमटीत बुडवत होते, चेहरा असा समाधानी, की मला रडायचीही चोरी.

येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मग आषाढात ते पुढं कसे जात होते? आणि निपाणीचा पूल यायच्या आत माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पडला नसता तर बरं झालं असतं. कुबंटूबरोबर वाचायचं जे सॉफ्टवेअर येतं ना, ते पुस्तक बंद करताना पान ध्यानात ठेवतं आणि पुन्हा उघडलं की तिथंच उघडतं. लुबंटूतल्या सॉफ्टवेअरलाही ते येतं, पण आत जाऊन त्याला सांगावं लागतं. न सांगता जे पुढ्यात येतं, त्यात ती सोय बंद असते. एवढासा फरक. चारही भावांची तुलना मी तोंडपाठ सांगत होते, पंख्याच्या आवाजापर्यंत सगळं बघितलं होतं, आणि हे बघावं असं माझ्या मनातही आलं नाही, कारण ज्याला आपलं पान आठवतं त्याला ह्याची गरजच नसते.

म्हणजे विसरणं श्रावणात सुरू झालेलं नव्हतं. ते आधीपासून होतं. किती आधीपासून, देव जाणे. कुबंटू रोज चार वाजता पुढचं पान समोर धरायचं आणि आप्पा समोरचं वाचायचे, म्हणून वाचन पुढं जात होतं. आम्ही सगळे म्हणत होतो, वाचतात म्हणजे डोकं शाबूत आहे. शाबूत होतं ते मशीनचं. डॉक्टरांनी पुढं त्या आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. ते नाव मी कधी तोंडानं घेत नाही.

अण्णाला फोन केला, कारण लपवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं ते लुबंटू घालायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी घातलं म्हणून कळलं तरी! नसतं घातलं तर आप्पा दिवाळीला ग्रंथ पुरा करून बसले असते, तू पेढे वाटले असतेस आणि पुढल्या महिन्यात गॅसनं घर पेटलं असतं. चाललं असतं?"

"मग झालं तर. तूच म्हणतेस. दिवाळीनंतर घेऊन येतो."

"दिवाळी अजून यायची आहे," असं म्हणून मी फोन आपटला. आपटला खरा, पण त्याच्या बोलण्यात खोट कुठं होती? मीच माझ्या तोंडानं त्याची बाजू मांडून मोकळी झाले होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी लॅबच्या कपाटातून आप्पांची जुनी डिस्क काढली. टाकून देणार होते, राहून गेली होती. ती एका मशीनला जोडली. करकर करकर करत कुबंटू उठलं. आप्पांचा पडदा, मधोमध ग्रंथाचं चित्र. दोनदा दाबलं. ग्रंथ उघडला तो थेट निम्म्याच्या पुढं. डाव्या हाताला बघितलं तर मागं पानांची ही एवढी रांग. हे सगळं माझ्या बापानं वाचलं होतं, मोठ्यानं, अर्थासकट, काचबिंदूच्या डोळ्यांनी, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. बाहेर मैदानात पोरी खो-खो खेळत होत्या, त्यांचा दंगा चालला होता. मी लॅबचं दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले.

रडून झाल्यावर मात्र माझं डोकं चालायला लागलं. निम्म्याच्या पुढं आलेत. ह्याच चालीनं वाचलं तर दिवाळीच्या आत आरामात पुरं होतं. मग काय अडलंय? कुबंटूचं वाचायचं सॉफ्टवेअर तेवढं काढून लुबंटूत घालायचं. एकाचं भांडं दुसऱ्याच्या चुलीवर. ग्रंथ त्या पानावर नेऊन ठेवायचा, की पुढं तेच रोज पान धरेल आणि आप्पा वाचतील. आठवो न आठवो, नियम तर पुरा होईल. महाराजांपुढं दिलेला शब्द राहील, आणि अण्णानं ज्या अटीवर तोंड मिटलं होतं ती अटही. ही फसवणूक आहे असं मन म्हणत होतं. त्याला मी म्हटलं, गप. माणूस चष्मा लावून वाचतो तेव्हा फसवतो का? काठी टेकत बस्तीत जातो तेव्हा फसवतो का? गॅसचं काय, तर सकाळ-संध्याकाळ काकूंकडून डबा लावीन, शेगडीच काढून टाकीन. मी आठवडाभर स्वतःशी असं भांडले आणि प्रत्येक वेळी जिंकले.

रविवारी मी सकाळीच गेले. आप्पा बस्तीत होते तोवर सगळं बसवलं, तीनदा बंद करून तीनदा उघडून बघितलं. बरोबर त्याच पानावर उघडत होतं. काकूंना परसात नेऊन सांगितलं, आजपासून पुढचं ऐकायला मिळेल. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला बी म्होरं काय झालं त्ये कळंना झालतं."

चार वाजता आप्पा खुर्चीवर बसले. काकू भिंतीला टेकल्या. मी दारात उभी राहिले, परीक्षेचा निकाल माझाच असल्यासारखी. आप्पांनी चित्रावर दोनदा दाबलं. ग्रंथ उघडला.

आप्पांनी वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. पडद्याकडं वाकून बघितलं.

"आक्का, हे कोण वाचालंय?"

"तुम्हीच की आप्पा."

"मी न्हाई बा. हे निम्म्याच्या म्होरं हाय. माझी अजून सुरुवातबी न्हाई." रोज रोज मंगलाचरण वाचून तेवढी सुरुवातच त्यांच्या मनात पक्की बसली होती.

"तुम्हीच वाचलंय आप्पा. आषाढात. काकूंना विचारा. इथनं पुढं वाचा, चला."

लहानपणी मी दुसऱ्याच्या बांधावरची बोरं ओच्यात घालून आणली होती, तेव्हा त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं होतं, तसंच आता बघितलं. रागावले नव्हते. लेकीला एवढंही शिकवायचं राहिलं, असं त्यांना वाटलं असावं.

"बस्तीत ग्रंथामधी कुणी खुणंचा दोरा घातलेला आसला, तर आपून त्यो हलवतो काय? ज्याचं वाचन चालू हाय त्याचं पुरं झाल्याबिगार दुसऱ्यानं त्येला हात लावू ने. दुसऱ्याचं वाचन मोडलं तर मोठा दोष हाय, आक्का."

"बरं, मग पहिल्या पानापासून वाचा," म्हणत मी पुढं झाले आणि माऊसला हात घातला. एवढी आठवडाभराची माझी हुशारी मी त्या क्षणाला सोडून दिली होती. वाचू दे, मंगलाचरण वाचू दे, जेवू दे त्यांना, दुसरं काही नको होतं मला.

आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात अजून जोर आहे. "नको. त्येची जागा हरवंल."

मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते बसून राहिले. पडद्यावर ते पान तसंच होतं. काकू उठल्या, आत गेल्या, परत आल्या, परत बसल्या. बाहेर उन्हं उसाच्या शेंड्यावर गेली. काकूंनी ताट आणून दारापाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "आप्पा, दिवस चाललाय. जेवून घ्या की."

"वाचल्याबिगार कसं जेवू?"

"मग वाचा की."

"ज्याचं हाय त्येला येऊ दे. त्येचं झालं की मी सुरू करतो."

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. म्हटलं, "आप्पा, कोण न्हाई यायचं आता."

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझीच समजूत काढत असल्यासारखा.

"येईल की गं. एवढं निम्म्याच्या म्होरं आणलंय त्येनं, आता अर्ध्यात कशाला सोडंल?"